तेरचे संग्रहालय आणि वस्तू बोलती करणारा वाटाड्या

मराठवाड्यात प्राचीन वस्तू जपण्याचे काम शासनाआधी ध्यास घेतलेल्या व्यक्तींनीही केले, आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे यांचा संग्रह, जो पुढे शासकीय संग्रहालय झाला, हे त्याचे ठळक उदाहरण होय.

तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी प्रवासवर्णनानुसार ते पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर होते आणि तेथील कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे. ही वाट पाहुण्याच्या डोळ्यांपुढे उभी करणे हेच येथील वाटाड्याचे, म्हणजे दालन दाखवणाऱ्या मार्गदर्शकाचे, खरे काम ठरते. हस्तिदंती स्त्रीमूर्ती दाखवताना त्याला पाँपेईपर्यंत जावे लागते, कारण इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या रोमन नगरात १९३८ मध्ये तशाच घडणीची भारतीय मूर्ती सापडली. केओलिन या पांढऱ्या मातीच्या पोकळ बाहुल्यांसाठी मात्र दूर जाण्याचे कारण नाही: पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळ्या साच्यांत दाबून, दोन्ही जोडून त्या भाजल्या जात, आणि संत गोरोबा कुंभारांच्या या गावात मातीचे हे काम समजावून सांगणे तसे सोपेच. काचेआडच्या वस्तूंवर हे कथन संपत नाही, कारण गावातले त्रिविक्रम मंदिर, मुळात अर्धवर्तुळाकार पाठीचे विटांचे चैत्यगृह असल्याचे मानले जाणारे, हेही दालनाबाहेरचे एक दालनच आहे.