टॉल्किन यांची सृष्टिकथा आणि पहिले महायुद्ध

जे. आर. आर. टॉल्किन (१८९२-१९७३) यांच्या कल्पित विश्वात आदिदेव इलुवातार याने निर्मिलेल्या दिव्यात्म्यांच्या गानातून सृष्टीची रूपरेषा साकारते. त्यांतील सर्वांत सामर्थ्यशाली मेल्कोर गानात विसंवादी सूर मिसळतो. पुढील राज्याराज्यांतील वैराचे मूळ तेथेच आहे. १९१६ साली सोम नदीकाठच्या लढाईतून आजारी होऊन परतल्यानंतर टॉल्किन यांनी या कथांच्या लेखनास आरंभ केला. १९१८ पर्यंत त्यांच्या जिवलग मित्रांपैकी एकच हयात होता. तथापि या कथांस युद्धाचे रूपक मानणे घाईचे होईल. रूपककथेविषयीची नापसंती स्वतः टॉल्किन यांनीच नोंदविली आहे. मंगल निर्मितीत विध्वंस कोठून शिरला, हा प्रश्न मात्र त्या रणभूमीवरून परतलेल्या पिढीचा होता. मेल्कोरचा विसंवादही अखेर आपल्याच रचनेत सामावेल, असे इलुवातार सांगतो. हे उत्तर प्रस्तुत लेखकास अपुरे वाटते.