कामणच्या खाडीकाठचा खटला आणि ‘प्रयत्ना’मागील मनःस्थिती

पालघर जिल्ह्याची निर्मिती १ ऑगस्ट २०१४ रोजी झाली. तत्पूर्वी वसईपासून तारापूर-डहाणूपर्यंतचा हा सारा किनारा ठाणे जिल्ह्यात मोडत असे. कदाचित त्यामुळेच, भारतीय दंडविधीतील ‘प्रयत्न’ या संकल्पनेचा एक पायाभूत निर्णय आपल्याच परिसरातील घटनेतून निघाला, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. विधी महाविद्यालयांत तो ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध मोहम्मद याकूब’ (१९८०) या नावाने शिकविला जातो. घटनास्थळ मात्र वसई तालुक्यातील कामणची खाडी हे आहे. अपराध पूर्ण झालेला नसताना माणसाच्या मनातील उद्देशाला राज्यसंस्था नेमकी कोणत्या क्षणापासून शिक्षा करू शकते, हा त्या खटल्याचा मूळ प्रश्न होय.

त्या काळी चांदीच्या निर्यातीवर कडक निर्बंध होते आणि पश्चिम किनाऱ्यावरील खाड्या चोरट्या व्यापारास सोयीच्या होत्या. सप्टेंबर १९६८ मध्ये मुंबईहून वसईच्या किनाऱ्याकडे चांदी नेली जाणार असल्याची खबर केंद्रीय अबकारी खात्याच्या अधिकाऱ्यांना मिळाली. मध्यरात्रीच्या सुमारास एक जीप व तिच्यामागून एक ट्रक जाताना दिसले. अधिकाऱ्यांनी अंतर राखून त्यांचा पाठलाग केला. कामण खाडीच्या पुलाजवळ वाहने थांबली आणि ट्रकमधून लहान पण जड गाठोडी उतरविली जाऊ लागली. अधिकारी पुढे झाले, त्याच वेळी खाडीच्या बाजूने यांत्रिक नौकेच्या इंजिनाचा आवाज ऐकू आला. झडतीत चांदीच्या लगडी सापडल्या. ट्रकमधील लगडी भुशाच्या पोत्यांत दडविलेल्या होत्या.

दंडाधिकाऱ्यांनी आरोपींना दोषी ठरविले. अपिलात ठाण्याच्या अतिरिक्त सत्र न्यायाधीशांनी ही केवळ पूर्वतयारी आहे, प्रयत्न नव्हे, असे म्हणून त्यांना निर्दोष सोडले व मुंबई उच्च न्यायालयाने ती मुक्तता कायम केली. या भूमिकेत तथ्य नव्हते असे म्हणता येत नाही. चांदी अद्याप जमिनीवर होती; नौकेत चढली नव्हती. शिवाय मलकियतसिंग खटल्यात दिल्लीकडे भात नेणारा ट्रक पंजाबच्या हद्दीतच अडविला गेला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ती पूर्वतयारीच मानली होती. आरोपीने त्या टप्प्यावर मन बदलले असते तर आधीची कृती निरुपद्रवी ठरली असती, असा त्यामागील विचार होता.

मार्च १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मुक्तता रद्द केली. न्या. सरकारिया व न्या. चिन्नप्पा रेड्डी यांचे निष्कर्ष एकच, पण मांडणी स्वतंत्र. सरकारियांचा भर कृती अपराधाच्या किती निकट पोचली यावर आहे; ती अखेरच्या कृतीच्या अगदी आधीचीच असली पाहिजे असे नाही, असे ते सांगतात. रेड्डी यांनी तीन घटक मांडले: विशिष्ट अपराधाचा उद्देश, त्या दिशेने केलेली कृती आणि त्या कृतीची निकटता. मात्र ही निकटता काळाच्या वा कृतीच्या मापाने नव्हे, तर उद्देशाच्या संदर्भात मोजावयाची, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्यांनी दिलेले उदाहरण आपल्या वाचकांना लगेच उमगेल. हाच ट्रक शिरसाड नाक्यावर अडविला असता, तर चांदी कुठेतरी नेली जात आहे एवढेच म्हणता आले असते. निर्जन खाडीपर्यंतचा प्रवास निर्यातीचा उद्देश सूचित करतो. आणि रात्रीच्या काळोखात, लपूनछपून चाललेले काम तो पुरेशा खात्रीने उघड करते.

प्रस्तुत लेखकाच्या मते या मांडणीत एक अडचण दडलेली आहे. कृती हा अपराधाचा घटक आहे आणि तीच मनाचा पुरावाही आहे. ही दोन कार्ये एकमेकांत मिसळली, तर उद्देशाचा पुरावा सबळ असेल तिथे कृतीची मर्यादा नकळत मागे सरकत जाते. संहितेतील उदाहरणे या बाबतीत अधिक सावध होती. कलम ३०७ खालील उदाहरणानुसार विष अन्नात मिसळून ते स्वतःजवळ ठेवणारा अद्याप प्रयत्नाचा अपराधी नव्हे; तेच अन्न दुसऱ्याच्या ताटाशी पोचविले की तो अपराधी ठरतो. पहिल्या टप्प्यावरही उद्देश तितकाच स्पष्ट असतो.

उलट बाजू मुंबई उच्च न्यायालयाच्या जुन्या निर्णयांत दिसते. कॅसिडी खटल्यात (१८६७) कलम ३०७ साठी कृती मृत्यू घडविण्यास समर्थ असली पाहिजे, असे म्हटले गेले होते. पुढे २२ जुलै १९३१ रोजी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर जवळून गोळ्या झाडल्या, हॉटसन बचावले. मुख्य न्यायाधीश बोमंट यांनी मध्येच एखादी अनपेक्षित गोष्ट आडवी आली म्हणून खून टळला असेल, तर प्रयत्न सिद्ध होतो असे ठरविले. तेथे मनाविषयी शंकाच नव्हती, वाद परिणामाचा होता. कामणला मात्र मनच शोधावयाचे होते. इंग्लंडमध्ये व्हायब्रो खटल्यात (१९५१) खुनाच्या प्रयत्नासाठी ठार मारण्याचाच उद्देश लागतो, गंभीर दुखापतीचा पुरत नाही, असे ठरले; आपले कलम ३०७ मात्र ‘उद्देश किंवा जाणीव’ असे दोन्ही शब्द वापरते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०७ च्या जागी कलम १०९ व कलम ५११ च्या जागी कलम ६२ आले. ‘प्रयत्न’ या शब्दाची व्याख्या तिच्यातही नाही. कामणचा खटला मुळात सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम १३५ खालचा होता आणि त्या कलमात ‘जाणीवपूर्वक’ हा शब्द आहे. अशा रात्री पुलाजवळ मालक, चालक आणि गाठोडी उतरविणारा हमाल हे तिघेही नौकेपासून सारख्याच अंतरावर उभे असतात. कृतीची निकटता तिघांची एकच. भुशाच्या पोत्यात काय आहे आणि ते कुठे जाणार आहे, याची जाणीव मात्र प्रत्येकाबाबत स्वतंत्रपणे सिद्ध करावी लागते.