छातीतील जळजळ: आम्लशामक औषधांचे तीन प्रकार

जठरातील आम्ल अन्ननलिकेत वर आल्याने छातीत जळजळ होते. त्यावरील औषधे तीन गटांत मोडतात.

अँटासिड: अॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडयुक्त औषधे जठरातील आम्ल निष्प्रभ करतात. काही मिनिटांतच आराम पडतो. मात्र तो अल्पकाळ टिकतो. मॅग्नेशियममुळे जुलाब, तर अॅल्युमिनियममुळे बद्धकोष्ठता होऊ शकते.

एच-२ रोधक: फॅमोटिडीन आम्लाची निर्मिती कमी करते. त्याचा परिणाम सुमारे तासाभरात सुरू होऊन १० ते १२ तास राहतो. याच गटातील रॅनिटिडीन २०२२ मध्ये भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून वगळण्यात आले.

प्रोटॉन पंप रोधक: ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल ही औषधे सर्वाधिक प्रभावी असली, तरी पूर्ण परिणामास १ ते ४ दिवस लागतात. अमेरिकेत ओमेप्रॅझोल २००३ पासून चिठ्ठीविना मिळते. भारतात मात्र ही दोन्ही औषधे अनुसूची ‘एच’मध्ये असल्याने डॉक्टरांची चिठ्ठी आवश्यक आहे.

क्वचित होणाऱ्या त्रासास अँटासिड पुरेसे ठरते. आठवड्यातून दोन किंवा अधिक वेळा जळजळ झाल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा. छातीतील वेदनेसह घाम, धाप अथवा हातात कळ असल्यास तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. अशा वेळी आम्लपित्त समजून थांबू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे.