विद्युत्‌चुंबकीय क्षेत्रोपचार (रजोनिवृत्तीनंतरची अस्थिझीज)

तारेच्या वेटोळ्यातून थांबत-थांबत विद्युत्‌प्रवाह सोडून निर्माण केलेले सौम्य चुंबकीय क्षेत्र हाडांवर टाकण्याची पद्धत. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते, हाड खाणाऱ्या पेशी वरचढ होतात आणि हाड आतून जाळीदार, ठिसूळ बनते. महाड तालुक्यातील वीरसारख्या गावात ते कळते बहुधा पावसाळ्यात : लावणीच्या चिखलात पाय सटकतो, टेकलेला हात मनगटाशी मोडतो. तोवर काही दुखतही नसते.

दाबले की हाडात वीज निर्माण होते, हे जपानमधील फुकाडा व यासुदा यांनी 1957 मध्ये दाखवले. न्यूयॉर्कच्या बॅसेट यांनी त्यावरून उपकरण घडवले. न जुळणाऱ्या अस्थिभंगांसाठी अमेरिकेत त्याला 1979 मध्ये मान्यता मिळाली. ती अस्थिझिजेसाठी नव्हती. जाहिराती हा फरक सहसा गाळतात.

1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या टॅब्रा यांच्या प्रयोगात 20 स्त्रियांच्या हातावर 72 हर्ट्‌झचे क्षेत्र रोज 10 तास, 12 आठवडे ठेवले. मनगटालगतच्या हाडाची घनता वाढली. उपचार थांबताच ती पुन्हा घसरली. नंतरच्या प्रयोगांत वेदना कमी झाल्याचे अधिक आढळते, घनतेबाबत मात्र एकवाक्यता नाही. पेसमेकर असलेल्यांना हा उपचार वर्ज्य. अस्थिझिजेचे निदान हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीने होते (टी-अंक, म्हणजे निरोगी तरुणांच्या सरासरीशी केलेली घनतेची तुलना, उणे 2.5 किंवा खाली); कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, व्यायाम आणि बिस्फॉस्फोनेटसारखी औषधे हेच आजही मुख्य उपचार आहेत.