केडगाव, जून १९०५: संजीवन कशाला म्हणायचं?

मंडळी, ‘संजीवन’ हा शब्द आपल्याकडे हल्ली फार सहज वापरला जातो. मंडपाबाहेर फलक लागतो: तीन दिवस संजीवन सभा, वेळ संध्याकाळी सहा, वक्त्यांचा मोठा फोटो. सभा घेऊ नयेत असं आपलं म्हणणं मुळीच नाही. पण संजीवनाची तारीख आधी छापता येते का, हे इतिहासाला विचारून पाहू.

अगदी अलीकडचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. ८ फेब्रुवारी २०२३ रोजी अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, विल्मोर या छोट्या गावी अॅझबरी विद्यापीठात नेहमीची सकाळची उपासना संपली आणि काही विद्यार्थी उठलेच नाहीत. प्रार्थना आणि गाणी दोन आठवड्यांहून अधिक काळ चालली. सहा हजार वस्तीच्या गावात हजारो माणसं लोटली. व्यासपीठावर नामांकित वक्ते आणायचे नाहीत, हे तिथल्या लोकांनी कटाक्षानं पाळलं. शेवटी गावाला तो भार पेलवेना, तेव्हा विद्यापीठानं आपणहून तिथल्या सार्वजनिक सभा थांबवल्या. तिथले काही जाणकार ‘संजीवन’ म्हणायलाही तयार नव्हते. ते म्हणाले, हा आत्म्याचा वर्षाव म्हणा. संजीवन होतं की नाही ते काळ सांगेल.

काळ सांगेल, हे ठीक. पण आपल्या घरातच असं एक उदाहरण आहे, ज्याच्यावरून शंभराहून अधिक वर्षं उलटून गेली आहेत. ते पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, दौंड तालुक्यात आहे.

पंडिता रमाबाईंचं चरित्र इथे पुन्हा सांगत नाही. एवढंच ध्यानात ठेवू की १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील गेले, आणि १८९६-९७चा दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या. १९००च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या. केडगावच्या मुक्ती सदनात तेव्हा सुमारे दोन हजार जणी होत्या. शेत, विहिरी, शाळा, हातमाग, छापखाना असा तो संसार. म्हणजे पुढे जे घडलं ते कुठल्या मोकळ्या मैदानावर नाही, तर भाकरी, पाणी आणि अक्षरओळख यांच्या भोवती घडलं. संजीवनाच्या कथा सांगताना हा भाग नेहमी गाळला जातो, कारण त्यात चमत्कार नाही.

१९०३ साली रमाबाईंनी मुलगी मनोरमा आणि सहकारी मिनी अॅब्रम्स यांना ऑस्ट्रेलियाला पाठवलं, तिथल्या जागृतीची पद्धत पाहून या म्हणून. पुढच्या वर्षाअखेरीस वेल्समध्ये कोळसाखाणीच्या गावांतून जागृतीची लाट उठली. तिची बातमी वेल्श मिशनच्या वाटेनं खासी टेकड्यांपर्यंत पोचली आणि १९०५च्या सुरुवातीला तिथेही तेच झालं. केडगावात जानेवारीपासून सुमारे ७० जणी रोज प्रार्थनेला बसू लागल्या. जूनपर्यंत हा आकडा साडेपाचशेच्या घरात गेला.

२९ जूनची पहाट. एका मुलीवर ज्वाळा दिसल्या म्हणून शेजारची बाई पाण्याची बादली आणायला धावली, आणि मग तिच्या लक्षात आलं की मुलगी जळत नाही. अॅब्रम्सबाईंनी लिहून ठेवलेला हा प्रसंग आहे. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय नेहमीच्या शांत आवाजात समजावून सांगत होत्या. मुली एकदम मोठ्यानं रडू लागल्या, प्रार्थना करू लागल्या. रमाबाईंना बोलणं थांबवावं लागलं. पुढचे कित्येक दिवस पापकबुली, रडणं, मग गाणं असं चालू राहिलं.

इथे इतिहासाच्या अभ्यासकानं एक अवघड प्रश्न टाळता कामा नये. या मुली कोण होत्या? दुष्काळातून उचललेल्या, अनाथ, काही बालविधवा. खाणं, कपडा, छप्पर सगळं संस्थेचं. अशा ठिकाणी शेकडो जणी एकत्र रडल्या, तर ते मन किती त्यांचं आणि किती वातावरणाचं? तेव्हाही टीकाकारांनी हेच म्हटलं होतं, आणि तो प्रश्न खोडसाळ नाही. आपण बाहेरून त्याचं पुरतं उत्तर देऊ शकत नाही. पण रमाबाईंची पुढची वागणूक पाहता येते. त्यांनी कोण किती जोरात रडली हे मोजलं नाही. दिनक्रमात, कामात, एकमेकींशी वागण्यात काय फरक पडला ते पाहिलं. पुढे काही जणी अन्य भाषांमध्ये बोलू लागल्या, तेव्हा पवित्र आत्मा मिळाल्याची हीच एकमेव खूण आहे, ही कल्पना त्यांनी मान्य केली नाही. ते दान कुणाला मिळेल, कुणाला नाही. प्रेम आणि सेवा दिसली पाहिजे, असा त्यांचा सूर होता.

दुसरा वाद आवाजाचा होता. पाचशे जणी एकाच वेळी आपापली प्रार्थना मोठ्यानं करतात, हे काही पाश्चात्त्य मिशनऱ्यांना शिस्तीविरुद्ध वाटलं. त्यांच्या देशात उपासना म्हणजे एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. रमाबाईंनी बाजू घेतली ती मुलींची: इथल्या माणसांना त्यांच्या स्वभावाप्रमाणे देवापुढे मोकळं होऊ द्या. आता बघा हं, रमाबाई स्वतः संस्कृत पंडित, इंग्लंड-अमेरिका पाहून आलेल्या; त्यांची स्वतःची रीत शांत होती. तरी त्यांनी मुलींना गप्प बसवलं नाही. केडगावच्या संजीवनात हीच गोष्ट आपल्याला सगळ्यात मोठी वाटते. ज्वाळेपेक्षाही. ज्यांना घरी, गावात, पंगतीत तोंड उघडायची मुभा नव्हती, त्या बोलत होत्या, आणि त्यांची प्रमुख ऐकत होती.

त्या नुसत्या बोलल्या नाहीत. प्रार्थना करणाऱ्या मुलींचे जथे आसपासच्या गावांत पाळीपाळीनं जाऊ लागले. आणि छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या बायकांच्या हातून रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं भाषांतर छापलं गेलं. सामान्य बाईला वाचून कळेल अशी मराठी हा त्यामागचा आग्रह होता. नवा करार १९१३ साली आला. संपूर्ण बायबलचं काम रमाबाईंनी १९२२ साली, मृत्यूच्या अगदी तोंडावर पुरं केलं. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. जून १९०५ किती दिवस टिकला याचं उत्तर हवं असेल तर या तारखा बघाव्यात.

पेन्टेकॉस्ट चळवळीचा इतिहास बहुतेक ठिकाणी एप्रिल १९०६पासून, लॉस एंजेलिसच्या अझुसा रस्त्यावरून आणि विल्यम सीमोर या कृष्णवर्णीय उपदेशकापासून सुरू होतो. त्या ठिकाणाचं महत्त्व कमी करायचं कारण नाही. पण केडगाव आधीचं आहे, आणि ते अझुसाची शाखा नव्हतं. शिवाय केडगावची वाट वेगळीकडेही गेली. अॅब्रम्सबाईंनी १९०६ साली या अनुभवावर छोटं पुस्तक लिहिलं आणि एक प्रत चिलीमधल्या वालपाराइसोला, मिशनरी असलेल्या हूव्हर दांपत्याकडे पाठवली. हूव्हरबाई त्यांची शिक्षणाच्या काळातली मैत्रीण. १९०९ साली तिथल्या मेथडिस्ट मंडळीत जागृती झाली आणि चिलीतल्या पेन्टेकॉस्ट मंडळ्या त्यातून उभ्या राहिल्या. दौंड तालुक्यातल्या मुलींच्या प्रार्थनेचा धागा दक्षिण अमेरिकेपर्यंत गेला, आणि ज्या मुलीवर ज्वाळा दिसल्या तिचं नाव मात्र नेहमी सांगितल्या जाणाऱ्या कथेत येत नाही.

म्हणून आज कुणी विचारलं की आपल्या मंडळीत संजीवन येईल का, तर आपण उलट काही साधे प्रश्न विचारावेत. बायका मोठ्यानं प्रार्थना करतात, की फक्त फुलं आणि चहा बघतात? मंडळीत सगळ्यात गरीब घर कुठलं, ते पाळकाला ठाऊक आहे का? सभा संपल्यावर चौथ्या दिवशी काय असतं?

याच काळात नगरकडे नारायण वामन टिळकांच्या मनात वेगळी घालमेल चालू होती. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही एकत्र बसवणारा. तो दरबार उभा का राहिला आणि दोनच वर्षांत टिळक गेल्यावर त्याचं काय झालं, ते पुढच्या व्याख्यानात पाहू.