चॅरिंग क्रॉस रोडवरचा सोनेरी मोर

१८९४ सालचा ऑक्टोबर. तुम्ही लंडनच्या चॅरिंग क्रॉस रोडवर उभे आहात. घोड्यांच्या बसगाड्यांची एकच गर्दी उसळली आहे, कोळशाच्या धुराने घसा खवखवतोय. १५६ नंबरच्या इमारतीत जॉर्ज अ‍ॅलन यांचं प्रकाशनगृह आहे. आत शिरा.

अ‍ॅलन मूळचे सुतारकाम शिकलेले. कलासमीक्षक जॉन रस्किन यांनी त्यांना चित्रकला शिकवली, पुढे आपली पुस्तकंही त्यांच्याच हाती सोपवली. केंटमधल्या ऑर्पिंग्टनहून वर्षानुवर्षं ती विकली गेली. पुस्तक मन लावून घडवायचं आणि किमतीत सूट द्यायची नाही, हा या घराचा बाणा.

टेबलावरची प्रत उचला. गडद हिरवं कापड आणि त्यावर सोन्याच्या वर्खात उठवलेला मोर. पैठणीच्या पदरावर मोर पाहत वाढलेल्या तुमच्या डोळ्यांनाही हा पिसारा दिपवतो, कारण अख्खं मुखपृष्ठ त्याने व्यापलंय. पानांच्या कडाही सोनेरी. जेन ऑस्टिन यांची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’. तोऱ्याच्या गोष्टीला मोर शोभतोच.

आत ह्यू थॉमसन यांची १६० रेखाचित्रं आहेत. आयर्लंडच्या कोलरेनमधला हा चित्रकार अवघा चौतिशीचा. पूर्वी चित्रकाराची रेघ लाकूड कोरणाऱ्याच्या हातातून कागदावर यायची आणि वाटेत थोडी त्याचीही व्हायची. आता छायाचित्राच्या मदतीने थेट धातूचा ठसा बनतो, म्हणून लेखणीचा बारीकसा थरकापही छापला जातो. चौदाव्या अध्यायापाशी थांबा. कादंबरीतल्या बेनेट कुटुंबाने वाचायला पुढे केलेलं पुस्तक पाहून पाद्री कॉलिन्स दचकलाय. आपण कादंबऱ्या कधीच वाचत नाही, असं तो ठासून सांगतोय. त्याचा सोवळेपणा थॉमसनने बरोब्बर पकडलाय.

नायिका एलिझाबेथ मात्र त्याला सापडलेली नाही, असं मला ठाम वाटतं. नायक डार्सीला जिच्या डोळ्यांनी वेड लावलं, ती इथे इतर चार देखण्या मुलींसारखीच एक दिसते. थॉमसनला माणसांची फजिती काढता येते. मनातली चलबिचल त्याच्या हाती फारशी लागत नाही. पुस्तकाच्या सुरुवातीला समीक्षक जॉर्ज सेंट्सबरी यांची प्रस्तावना आहे. जेनच्या भक्तांना ‘जेनाइट’ म्हणायची चाल या प्रस्तावनेतूनच पडली.

आता आणखी ८१ वर्षं मागे चला. जानेवारी १८१३, हॅम्पशरमधल्या चॉटन गावातलं जेनचं घर. लंडनहून याच कादंबरीची पहिली प्रत येऊन पोचली आहे. तीन भाग, साधी बांधणी, चित्र एकही नाही. किंमत १८ शिलिंग. लेखिकेचं नावही कुठे नाही. फक्त ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’च्या कर्तीची, एवढंच छापलंय. जेनला हवे होते १५० पौंड, पण थॉमस एगर्टन या प्रकाशकाला तिने सगळे हक्क ११० पौंडांत विकून टाकलेत. पुढच्या आवृत्त्यांच्या विक्रीतून तिला छदामही मिळणार नाही. हा व्यवहार कळला की तो सोनेरी मोर तुम्हाला थोडा टोचू लागतो.

शेजारच्या मिस बेन आज जेवायला आल्यात. जेवणानंतर पुस्तक मोठ्याने वाचायला घेतलं जातं. कोपऱ्यात बसून ऐका. लिहिणारी याच खोलीत आहे, याची त्या पाहुणीला कल्पना नाही, पण एलिझाबेथ तिला मनापासून आवडलीय. पहिल्या संध्याकाळी अर्धा भाग वाचून होतो आणि रंग भरतो. दुसऱ्या बैठकीला तो उतरतो. जेनची आई भराभर वाचत सुटते. पात्रं तिला नीट उमगलेली आहेत, पण ती बोलतील तसं तिला बोलता येत नाही. जेनला ते खटकतं. पत्रात बहिणीला तिने तसं कळवलंय.

तिची तक्रार रास्तच होती. ही कादंबरी बोलण्यावर उभी आहे. कोण कुठे थांबतं, कोण कुणाचं वाक्य तोडतं, त्यावर तिची सगळी मजा आहे. १६० चित्रंही ते काम करू शकत नाहीत.

मोराची ती आवृत्ती आज प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर चित्रांसकट फुकट वाचता येते. चित्रं निवांत पाहा. पण कॉलिन्स एलिझाबेथला मागणी घालतो तो एकोणिसावा अध्याय घरातल्या कुणाला तरी समोर बसवून मोठ्याने वाचा, आणि वाचताना घाई करू नका.