रुमाल, दफ्तर आणि फोल्डर



गेल्या महिन्यात वडिलांची फील्डवरून आलेली पत्रं टाइप करून संपवली. एका पत्राची एक टेक्स्ट फाइल. मग विषयवार लावायला शेल स्क्रिप्ट लिहिली. ज्या फायलीत 'रजा' हा शब्द आहे ती ग्रेपनं शोधायची आणि एमव्हीनं 'रजा' फोल्डरमध्ये हलवायची. फोल्डर आधी तयार करायला मात्र विसरलो. एमव्हीनं निमूटपणे पहिल्या फायलीचंच नाव 'रजा' केलं, मग दुसरी तिच्यावर, तिसरी दुसरीवर. अकरा पत्रांतलं शेवटचं तेवढं उरलं. मूळ कागद ट्रंकेत होते म्हणून निभावलं.

कागद विषयवार लावण्याचं दुखणं कॉम्प्युटरच्या फार आधीचं. पुण्याचं पेशवे दफ्तर घ्या. रुमालांत बांधलेले हे कागद कारकुनांनी आपल्या कामाच्या सोयीनं ठेवलेले: रोजकीर्दी, प्रांतांचे हिशेब. १८१८मध्ये राज्य गेलं, दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात आलं. १८५०च्या दशकात इनाम कमिशननं त्यात काय शोधलं? इनाम खरं की खोटं, एवढंच. एखाद्या घराण्याची जमीन त्या कागदावर टिकायची किंवा जायची.

पुढे रियासतकार गो. स. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड काढले. पहिला उदगीरच्या लढाईचा, दुसरा पानिपताचा. आता पानिपताच्या पत्रात कर्जही असतं, दाणावैरणही असते. असं पत्र कुठल्या खंडात घालायचं? हा संपादकाचा निवाडा. पण छापली ती नक्कल, अस्सल कागद दफ्तरातच राहिला. आमच्या युनिटचा हेडक्लार्कसुद्धा अस्सल कागद फायलीबाहेर जाऊ देत नसे. म्हणजे एमव्ही नव्हे, सीपी!

आणि हे काम ग्रेपला जमलंही नसतं. केन टॉमसननं १९७३च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये तो लिहिला, तो अक्षर न् अक्षर जुळवणारा. मोडीत मात्र दोन शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा नेम नाही, एकच नाव चार तऱ्हांनी. तिथे वाचणारा माणूसच लागतो.

स्क्रिप्ट दुरुस्त केली. आधी एमकेडीआयआर, मग सीपी. ती अकरा पत्रं पुन्हा टाइप केली आणि सगळी नीट 'रजा'त गेली. एक मात्र बाहेरच आहे. त्यात वडिलांनी आईला लिहिलंय की दिवाळीला माझी वाट पाहू नका. 'रजा' हा शब्द त्यात कुठेच नाही.